सुमेधा येईपर्यंत

धुण्याच्या पावडरीचं पोस्टर उलगडता उलगडता नेमीचंदांचा हात थांबला. कंपन्यांची पोस्टरं त्यांनी आजवर कधी सरळ बाजूनं पाहिली नव्हती. मागची कोरी बाजू तेवढी कामाची. उलटं करून फळीवर अंथरलं की डाळीची भुकटी खालच्या पोत्यात उतरत नाही. पण आज गुंडाळी सुटताना आधी पांढरा सदरा बाहेर आला, मग तो उंच धरलेला हात, मग कोपर, आणि मग सुमेधा. जराशी भरलेली, हनुवटीखाली नवी वळी आलेली. डाव्या भुवईतली खाच मात्र तीच, आणि काही सांगायच्या आधी ओठ मिटून घ्यायची तीच लकब. हसत होती. धडधाकट होती. नेमीचंदांची मान आपोआप मागं, पडद्याकडं वळली. "अगं, आली बघ," एवढे शब्द जिभेवर तयार झाले आणि तिथंच बसून राहिले. कारण पडद्यामागं आता सुनेचं, रीनाचं स्वयंपाकघर होतं. कुकरची शिट्टी रीनाची, भांड्यांचा आवाज रीनाचा. जिला हाक मारायची ती जाऊन चार पावसाळे झाले होते, आणि त्यांच्या मानेला ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

"काय शेठ, लावायचं ना दर्शनी?" सेल्समननं विचारलं. नारायणगावचा पोरगा, तोंडात बडीशेप.

"ही कोण आहे?"

"मॉडेल असंल राव कुणीतरी. मला काय म्हाईत."

"हिचं नाव सुमेधा."

"असंल," तो म्हणाला, आणि पुढच्या दुकानाची बॅग उचलली.

ओतूरच्या पेठेत नेमीचंदांचं दुकान वडिलांपासूनचं. गूळ, साखर, तेल, डाळी. माणसाच्या तोंडापेक्षा पिशवीकडं पाहायची सवय त्यांना लहानपणीच लागली होती, कारण तोंड खोटं बोलतं आणि पिशवी बोलत नाही. डिंक-खारीक गेली की कुणाच्या घरी बाळंतीण आली; चहापत्ती दुप्पट गेली की मुलगी पाहायला येणार; नेहमीचा सुनेचा हात जाऊन सासूच स्वतः तेलाला आली की घरात धुसफूस. हे सगळं ते मनात मांडून ठेवत आणि वेळ पाहून हळूच चिमटा काढत. "काय पावणं, आज बेसन लई नेलं, जावई रुसलाय वाटतं?" माणूस चमकून बघे. गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतंय ते त्यांना इथं बसून कळे. फक्त पाठीमागच्या पडद्याआड काय शिजतंय, ते जेवायला बोलावल्यावर कळे.

त्यांची बायको कस्तुरबाई राजस्थानातल्या पालीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती मराठी शिकली धोंडाबाईकडून. धोंडाबाई बाजाराच्या दिवशी वाडीवरून मेथी-कोथिंबीर घेऊन यायची, उरलेल्या जुड्या दुकानामागच्या ओट्यावर ठेवायची, आणि टेम्पो सुटेपर्यंत बोलत बसायची. त्यामुळं शेठाणी असूनही कस्तुरबाई 'व्हतं' आणि 'न्हाई' म्हणे, आणि नेमीचंद गिऱ्हाइकांपुढं त्याची नक्कल करीत. सगळे हसत. पडद्यामागं तीही हसत असावी, असं ते धरून चालत.

टीव्ही रंगीत घेतला त्या वर्षी ती सुमेधाची मालिका सुरू झाली, आणि नेमकी बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीनंतर. मागच्या खोलीत दाटी होई. सुमेधा एका वकिलाची बायको. घर मोठं, घरात सासरा, दीर, एक कुलूप लावलेली खोली, आणि रोज येऊन काही न बोलता ठेवला जाणारा फोन. असं तीनचार महिने चाललं, आणि एका भागात सुमेधा सकाळी चहा ओतून, कप तसाच ठेवून, गाडी घेऊन निघून गेली. घाटात गाडी सापडली. दार उघडं. एक चप्पल. सुमेधा नाही.

त्या दिवसापासून दुकानात दुसरा विषय उरला नाही. मालाला येणारा माणूस आधी मत देई, मग पिशवी. भगवंत, धोंडाबाईचा दीर, टोमॅटो घेऊन टेम्पोनं कल्याणला जायचा. त्याचा सगळ्यात मोठा आवाज. "बॉडी दावली का शेठ? न्हाई दावली. बॉडी दावली न्हाई म्हंजी मानूस जित्तं. डोक्याला मार लागला आसनार, याद गेली आसनार. मी लिहून देतो."

"तू अंगठा देतोस भगवंता, लिहून काय देणार?"

"आवो पर डोकं हाय ना!"

धोंडाबाई त्याला उडवून लावी. "याद गेली म्हनं! आरं, त्या वकिलानंच ढकलली तिला. त्याचं डोळं बघितलं का? भाकरी मोडताना बघ त्याच्याकडं."

नेमीचंद दोन्ही बाजूंना काडी लावून मजा बघत. एकीकडं भगवंताला म्हणायचं, धोंडाबाईचं पटतंय. दुसरीकडं धोंडाबाईला सांगायचं, भगवंताला आतली बातमी आहे. त्यांचं स्वतःचं मत काय, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी ठरवलंही नाही. दुसऱ्याच्या उत्सुकतेवर दुकान चालतं. आपली कशाला खर्चायची?

कस्तुरबाई मात्र या वादात कधी पडली नाही. ती एकच गोष्ट बोलली, तीही एकदाच, आणि तेव्हा ती नेमीचंदांना बोलण्यासारखी वाटली नव्हती. वकील कोर्टातून येतो, हातपाय धुतो, जेवतो, बडीशेप खातो, आणि मग विचारतो, सुमेधा कुठाय. ते दृश्य संपल्यावर बायका पांगल्या. ती टीव्हीवर पांघरायचं कापड हातात धरून तशीच उभी राहिली. "जेवन झाल्यावर इचारलं त्यानं," ती म्हणाली. नेमीचंद उद्याच्या मालाचा विचार करत होते. "मग? उपाशी विचारायचं का?" असं काहीसं ते म्हणाले. आपल्या या उत्तरावर ते खूशही झाले असतील. आता पोस्टरची गुंडाळी धरून बसल्यावर त्यांना ते कापड आठवलं, त्यावरची क्रोशाची बदकं आठवली. तिचा चेहरा आठवेना. त्या वेळी पाहिलाच नव्हता, तर आठवणार कुठून.

त्या भागाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती जैन स्थानकात गेली. चातुर्मासाला साध्वीजी आल्या होत्या. घरोघरच्या बाया त्यांच्याकडून छोटेमोठे नियम घेत, कुणी रात्रीचं पाणी सोडी, कुणी हिरवी भाजी. कस्तुरबाईनं हात जोडून गोडाचं पच्चक्खाण, म्हणजे गोड सोडायचा नियम, मागितला. कुठवर? सुमेधा येईपर्यंत. साध्वीजींना वाटलं, असेल कुणी भाची-पुतणी, घर सोडून गेलेली. त्यांनी डोळे मिटून विधिपूर्वक नियम दिला, वर मांगलिकही म्हटलं. दुपारी ताटात लापशी होती आणि तिनं स्वतःला वाढली नाही, तेव्हा कुठं ही गोष्ट घरात फुटली. पिंटू, त्यांचा मुलगा, हसून हसून लाल झाला. नेमीचंदांनी तर संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या पेठेत पोचवली. गुळाच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं टीव्हीतल्या बाईसाठी गूळ सोडला! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ढेपेवरची सुरी वाजवून सांगत, आणि लोक पडद्याकडं बघून, आवाज जरा खाली आणून हसत. "शेठानी, काळजी करू नगा, पुढच्या आठवड्याला येतीया बघा," भगवंत ओरडून म्हणाला.

पण हसला तरी भगवंतच एक असा निघाला, की जो बघायला गेला. टीव्हीतला तो घाट म्हणजे आपला माळशेजच, असं वाडीचं पक्कं मत पडलं होतं. वळण ओळखलं होतं, कठड्याचा तुटलेला दगडही ओळखला होता. कल्याणहून रिकामा टेम्पो आणताना भगवंतानं त्या वळणावर गाडी उभी केली, खाली उतरला आणि वाकून दरीत पाहिलं. तिथून तडक दुकानात आला. नेमीचंदांना वाटलं, आता हा गंमत सांगणार. पण तो ओशाळून उभा राहिला. "काय न्हाई शेठ, सहज आपलं. खाली नुस्तं करवंदीचं रान हाय."

पडदा हलला. कस्तुरबाई, जी दुकानात गिऱ्हाईक असताना कधी पुढं येत नसे, डोक्यावरचा पदर सारखा करत उंबऱ्यात आली. "नीट बघितलं का?"

"बघितलं की वैनी. धुकं व्हतं जरा."

"मंग पुन्ना बघशीला. धुकं नसताना."

"व्हय," भगवंत म्हणाला. तिनं त्याला चहा पाठवला. साखर इतकी होती की तळाशी राहिली. नेमीचंदांनी तो तळ पाहिला आणि मनात म्हटलं, आपली सोडली ती इथं घातली वाटतं.

मालिका त्यानंतर फार चालली नाही. एका आठवड्याला त्या वेळी क्रिकेट होतं, पुढच्या आठवड्याला निवडणुकीचं काहीतरी, आणि त्यानंतर गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. कुणी काही सांगितलं नाही. बायका दोनतीन आठवडे येऊन, भेंड्या बघून गेल्या. पैसे संपले म्हणे. नटी लग्न करून परदेशी गेली म्हणे. दुकानात मतं येत राहिली, मग विरळ झाली, मग टोमॅटोचा भाव पडला आणि सुमेधाची चर्चा संपली. भगवंतसुद्धा विसरला. सगळ्यांनी आपापलं सामान उचललं आणि पडद्यामागं एक बाई नियम घेऊन उभी राहिली.

नेमीचंदांना वाटलं होतं, दिवाळीपर्यंत सोडेल. हिवाळ्यात नवा गूळ आला. ढेपा उतरल्या की त्या घराच्या भिंतींनाही गोड वास चिकटे. अंथरुणात, उशीत, तिच्या केसांतसुद्धा. मुंग्या उंबऱ्यावरून रांगेनं आत जात. ती हातानं चूरमा वळी, पिंटूच्या लग्नात तर तिनंच पाकाची तार बोटावर पाहून सांगितली, पण ते बोट तिनं ओठाला लावलं नाही, पाण्यात बुडवलं. रीना, नवी सून, घाबरून म्हणाली, मम्मी, चव कशी कळणार? कस्तुरबाई म्हणाली, वासावरून कळतं. साध्वीजी पुन्हा आल्या तेव्हा नेमीचंदांनीच जाऊन खरा प्रकार सांगितला आणि नियम सोडवता येतो का विचारलं. नियम घेणारीनं मागितलं तर प्रायश्चित्त देऊन सोडवता येईल, साध्वीजी म्हणाल्या. तिनं मागितलं नाही. आणि नेमीचंदांनी तिला का, असं विचारलं नाही. हट्ट म्हणून मनात नोंद केली आणि पान उलटलं.

मग पोटाचं दुखणं. आधी अंगावर काढलं, मग नारायणगाव, मग पुणे, आणि मग डॉक्टर म्हणाले घरी न्या, खाऊ वाटेल ते खाऊ द्या. तिला काही खाऊ वाटत नव्हतं. एका दुपारी मात्र आतून लापशीचा वास आला तेव्हा तिनं डोळे उघडले, वासाच्या दिशेनं नाक जरासं वर केलं, आणि मिटले. नेमीचंदांनी ते पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या पिशव्या पाहिल्या होत्या. आज हे पाहिलं. हिला एक घास आपल्या हातानं गोड भरवायचा, एवढंच त्यांना त्या वेळी जगात हवंसं वाटू लागलं. तसं हवं असलं की माणूस काय करतो ते त्यांनी केलं. धोंडाबाईला आणि भगवंताला बोलावून घेतलं. सांगायचं की सुमेधा आली. पुण्यात केबलवर राहिलेले भाग दाखवले. माहेरी होती, आता परत आली. तिघांनी एकच सांगायचं.

"बरूबर," भगवंत म्हणाला. आत गेला आणि खाटेशेजारी बसून त्यानं बोलायला सुरुवात केली. "वैनी, घावली बरं का! नाशिकला. याद गेली व्हती तिची." पडद्याशी उभ्या नेमीचंदांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात धोंडाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आली गं बाय, पर लई हाल केलं त्या वकिलानं. कोंडून ठिवली व्हती." कस्तुरबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. आपल्या माणसांची लबाडी ओळखल्यावर येतं तसं, राग नसलेलं. दोघं गेली. नेमीचंद वाटी घेऊन आत आले. लापशी, वर तूप.

"आली म्हनं," ती म्हणाली.

"हो. ती दोघं आपलं काहीतरी सांगतात. माहेरीच होती. मी स्वतः ऐकलं, पिंटूच्या सासऱ्यांकडून फोनवर."

"बरं केलं." तिनं श्वास घेतला. "घरात आल्यावर काय इचारलं तिला?"

"काय विचारणार? कुठे होतीस म्हणून."

"कुनी?"

नेमीचंद पटकन उत्तर देणारे. आयुष्यभर कुणी भाव विचारला आणि ते अडखळले, असं झालं नव्हतं. "कुणी म्हणजे? नवऱ्यानं विचारलं."

कस्तुरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. बऱ्याच वर्षांत असं पाहिलं नसेल. किंवा पाहिलं असेल, त्यांचं लक्ष नसेल. मग तिनं मान हलवली, अगदी थोडी. "मंग न्हाई आली," ती म्हणाली. "तो इचारनारा न्हवं." आणि वाटीवर हात झाकणासारखा ठेवला. हात गरम होता, वाटीपेक्षा.

लापशी नंतर कुणी खाल्ली ते नेमीचंदांना माहीत नाही. चारपाच दिवसांत ती गेली. धोंडाबाई रडून रडून दमली तेव्हा भिंतीला टेकून म्हणाली, "आमच्यात आसती तर धाव्याला कावळ्याम्होरं गुळाचा खडा ठिवला आसता. तुमच्यात तेबी न्हाई. मंग तुमी तिला द्यायचं राह्यलेलं देनार कसं?" त्यांच्यात तसं काहीच नव्हतं. गेलेलं माणूस पुढच्या गतीला जातं, त्याच्यामागं काही पाठवता येत नाही. नेमीचंदांना हे लहानपणापासून माहीत होतं आणि तोवर ते त्यांना फार शहाणपणाचं वाटत आलं होतं.

"शेठ, पावशेर गोडंतेल द्या. आन् झोपलाव का काय?"

समोर धोंडाबाईच. केस पांढरे, पाठीत वाक, मेथीची टोपली आता नातू आणून ठेवी. नेमीचंदांनी पोस्टर तिच्याकडं वळवलं. धोंडाबाईनं डोळे बारीक केले, मान मागं घेतली, पुढं आणली. मग तिचा हात तोंडावर गेला.

"आगं बया! आली व्हय!"

"आली."

"जाड झाली गं." धोंडाबाईनं पोस्टरवरच्या गालावरून खरबरीत बोट फिरवलं आणि कुणी ऐकत नाही अशा आवाजात तिला विचारलं, "एवढी वर्सं कुठं व्हतीस गं बाई? ती तुझ्यापायी..." तिचे डोळे भरले आणि भरलेल्या डोळ्यांनी तिनं पडद्याकडं पाहिलं. म्हणजे हिच्याही मानेला कळवलेलं नव्हतं.

नेमीचंदांनी ढेपेवर सुरी चालवली. एक खडा काढला, सवयीनं काट्यावर ठेवायला गेले, न ठेवता तिच्या हातावर दिला. एक आपल्या हातात राहू दिला. "धोंडाबाई," ते म्हणाले. "ती तुमच्यापाशी काय बोलायची?"

"कोन, ही?"

"नाही. आमची."

धोंडाबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत शेठनं तिला मेथीच्या भावाखेरीज पहिल्यांदाच काही विचारलं होतं. "काय बोलायची... बायामान्सं बोलत्यात ते. तिच्या गावाकडं म्हनं डोंगर न्हाई, सगळी रेती. एकदा म्हनाली, त्या माळशेजच्या वळनावर मला उतरून बघायचंय. भगवंतानं धुक्यात बघितलं, त्याला काय दिसलं आसंल." तिनं खडा तोंडात टाकला. "म्या म्हनलं, चल की, येष्टीनं जाऊ, ह्ये काय तासाभराचं. तर म्हनाली, कुनी न्हेलं तर बघू."

तेल घेऊन धोंडाबाई गेली. नेमीचंद गल्ल्यावरून उठले. तिचं दुखणं सोडलं तर दिवसाउजेडी, दुकान उघडं असताना, ते बोलावल्याशिवाय उठून आत कधी गेले नव्हते. पडदा सारताना त्यांना तो नवीन असल्याचं जाणवलं. कधी बदलला कोण जाणे. आत ओट्यापाशी खिडकी होती, एवढीशी, पलीकडं शेजाऱ्याची भिंत. इथून डोंगर दिसत नव्हता. रस्ता दिसत नव्हता. आपण बाहेर बसून अख्खं गाव पाहत होतो तेव्हा ती इथं, या भिंतीकडं तोंड करून. डब्यांच्या रांगेकडं, ओल्या ओट्याकडं पाहत ते उभे राहिले. हातातला खडा घामानं चिकट झाला होता. खरं म्हणजे त्यांना मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

"कुठे होतीस?" ते म्हणाले.

"इथंच आहे की, पप्पा." मागच्या मोरीतून रीना पदर सावरत, ओले हात तसेच धरून लगबगीनं आली. "काय हवं होतं? चहा ठेवू? गिऱ्हाईक आलंय का?"

नेमीचंदांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावर पिठाचं बोट उमटलं होतं. ती या घरात येऊन किती वर्षं झाली, ते त्यांना आठवावं लागलं.

"नाही, कुणी नाही," ते म्हणाले. "तुलाच विचारलं."

रीनानं गॅस बारीक केला आणि ते पुढं काय विचारतात याची वाट पाहत उभी राहिली.